आत्तीचा कान

तेलसंगाच्या माळावर आमची अकरा एकर.
पहाणी कन्नडमध्ये, भांडणं मराठीत,
आणि हिशेब अजून बाबगोंडा आज्जाच्या वहीत:
किती खुंट जगले, टँकर किती आले,
तासगावच्या अडत्याकडून किती यायचे.
(ते अजून यायचेत.)

आज्जानं वेल चढवले ते बेदाण्यासाठी.
बेदाणा म्हणजे वाऱ्यावर सुकलेला, कुणाचं काही न घेतलेला,
बस्तीत ताटातून नेता येणारा.
मग एका मार्चात शेडवर पाऊस पडला,
दोन रात्रीत सहा टन माल काळा.
आप्पांनी वेलीवर उरलेली द्राक्षं
विजापूरकडच्या एका माणसाला दिली.
भाव विचारला,
कशासाठी ते विचारलं नाही.

पुढल्या वर्षी विचारलं.
त्याच्या पुढल्या वर्षी दोन टाक्या आणल्या,
दूध संघाच्या भंगारातल्या, स्टीलच्या.
धुऊन धुऊन सायीचा वास गेला नाही.

पद्मव्वा आत्ती दारात उभी.
"ह्यात जीव किती?"
आप्पा घरात सगळ्यांशी खोटं बोलत, तिच्याशी नाही.
"लई."
"लई म्हणजे?"
"मोजता येत नाहीत, अक्का."
ती पदर सावरून गेली
आणि दोन हंगाम त्या शेडवरून चालली नाही,
विहिरीला जायला बांधाचा वळसा घ्यायची,
भरलेल्या घागरीसकट.

मग आप्पा बेळगावला ॲडमिट,
मी धारवाडला परीक्षेत,
आणि लाईट गेलेली, तिसरा दिवस.
रात्री टाकी तापली.
बैलाचं पोट फुगलं की आत्ती कान लावायची,
तसा तिनं टाकीला कान लावला.
काय ऐकलं, ते अजून सांगत नाही.
गडी म्हणतो, म्हातारी ओरडली, पोती आण, पोती!
ओली पोती, विहिरीचं पाणी, पुन्हा पोती,
उजाडेपर्यंत चौऱ्याऐंशी घागरी.
मी नंतर म्हणाले, आत्ती, तू वाईन वाचवलीस.
ती रागावली.
"वाईन गेली खड्ड्यात.
आत गुदमरत होते की गं ते."

आता मी बघते सगळं.
घोट जिभेवर फिरवते, नाकानं श्वास सोडते,
बादलीत थुंकते. दिवस मावळायच्या आत.
तीन पिढ्या झाल्या,
अजून घरात कुणी गिळलेली नाही.
आप्पांचं मला खात्रीनं सांगता येत नाही.

माझ्याकडं हायड्रोमीटर आहे, वही आहे, नाशिकचं सर्टिफिकेट आहे.
खरं, टाकी कधी थांबली ते आत्तीच सांगते.
गालाला स्टील लावून उभी राहते, डोळे मिटून,
आणि कधीतरी एका सकाळी म्हणते, "साकु."
मग हात जोडते. उत्तम क्षमा, म्हणते,
टाकीला, बहुतेक. मी मध्ये उभी असते म्हणून
थोडी मलाही लागते.
खालचा गाळ ती कुणाला टाकू देत नाही.
आज्जानं लावलेल्या पहिल्या खुंटाच्या बुडात
स्वतः ओतते, कडेकडेनं, पाय न पडेल असा.
अबकारीचा माणूस सील घेऊन बसून राहतो,
चहा निवतो त्याचा.

काल तिनं माझ्या पोरीला उचललं.
सहा वर्षांची, हाडकुळी, कानात नुकतंच टोचलेलं.
"लाव कान. थंड लागतंय, लागू दे."
पोर बराच वेळ गप्प.
"काय ऐकतीस?"
"बोलूलालेत."
"कोण?"
"सगळीजणं."
आत्तीनं तिला खाली ठेवलं नाही.
"मग आपण गप बसूया," म्हणाली.

दोघी गप बसल्या.
मी दारातून दोनदा ताट वाढल्याचं सांगितलं.
माळावरचं ऊन खांबांवरून उतरलं,
तारांवरून उतरलं,
आणि दिवस बुडाला.

रात्री आत्ती जेवली नाही.